डालोराची मिशी

बीदरच्या बसस्टँडजवळ, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दीपमालाचा स्टुडिओ होता. पाटीवर तिनं हौसेनं 'डिझाइन स्टुडिओ' असं लिहिलं होतं, पण जिना चढून येणारा माणूस फ्लेक्सच करायला येई. मधोमध गॉगल घातलेला उत्सवमूर्ती, वरच्या ओळीत मोठे पुढारी, खालच्या ओळीत शुभेच्छुक. एखाद्या शुभेच्छुकाचं डोकं शेजारच्यापेक्षा जरा लहान निघालं, की दोघंही जिना चढून वर येत आणि तिच्यासमोर उभे राहून भांडत.

दीपमाला मूळची कमठाण्याची. वडील नरसिंग कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर मुकादम होते आणि आई पार्वतीबाई घरचं रान बघायची. कलबुर्गीला उपयोजित कला शिकून, हैदराबादच्या एका जाहिरात कंपनीत काही वर्षं घासून ती परत आली होती. तिला वेड होतं खेळकर चिन्हांचं. अक्षराच्या पोटात लपलेला बाण, दोन अक्षरांमधल्या रिकाम्या जागेत बसलेला पक्षी, असलं काही दिसलं की तिचा दिवस चांगला जाई. चिन्हानं बघणाऱ्याला हळूच डोळा मारला पाहिजे, असं तिचं मत होतं. बीदरमध्ये मात्र कुणाला डोळा मारून घ्यायची हौस दिसत नव्हती.

म्हणून शिवप्रसाद जेव्हा जिना चढून आला आणि म्हणाला, "मॅडम, आम्हाला खेळकर लोगो पाहिजे," तेव्हा तिला क्षणभर खरंच वाटेना.

शिवप्रसाद म्हणजे भगवान दाल मिलचे मालक भगवानराव यांचा एकुलता एक मुलगा; अलीकडं कारभार तोच बघे. कोळारला त्यांची डाळीची गिरणी होती. भालकी, औराद, हुमनाबाद, पार उदगीरपर्यंत त्यांची डाळ 'भगवानछाप तूरडाळ' म्हणून जाई, कारण पाकिटावर लंबगोल चौकटीत खुद्द भगवानरावांचा फोटो असे. गुलाबी पटका, गोल गरगरीत नाक आणि त्याखाली मिशी. मिशी अशी, की मधे बोटभर जागा सोडलेली, दोन्ही बाजूंनी जाड आणि टोकं वर वळलेली. बायका दुकानात जाऊन डाळीचं नाव घेतच नसत, 'अप्पाची द्या' म्हणत. गावानंही भगवानरावांना अप्पाच करून टाकलं होतं.

शिवप्रसादचं म्हणणं वेगळं होतं. भालकीच्या शाळेतला त्याचा वर्गमित्र धनराज आता हैदराबादेत कंपन्यांना ब्रँडचा सल्ला देत असे. त्यानं सांगितलं होतं, की सुपरमार्केटच्या फळीवर म्हाताऱ्या माणसाचा फोटो बघितला की तरुण गिऱ्हाइकाला श्राद्धाची आठवण होते. आता जगभर खेळकर लोगोंचे दिवस आहेत. नावही धनराजनंच शोधलं होतं: डालोरा. त्याचा अर्थ काय, हे दीपमालानं विचारलं तेव्हा शिवप्रसाद अभिमानानं म्हणाला, की अर्थ काहीच नाही, म्हणून तर ते कुठंही चालतं.

"फक्त एक बघा," जाता जाता तो म्हणाला. "खेळकर पाहिजे, पण कुणी हसलं न्हाई पाहिजे."

पुढच्या आठवड्यात गिरणीच्या कचेरीत बैठक झाली. धनराज पडद्यावर एकामागून एक परदेशी लोगो दाखवत होता आणि विश्वास, ताजेपणा, चैतन्य असे शब्द भिंतीवर उमटत होते. शिवप्रसाद मान डोलावत होता. भगवानराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गिरणीत यायची रोजची सवय म्हणून ते आले होते. पाकिटावरचा फोटो काढून टाकायचं ठरलंय हे त्यांना ठाऊक होतं की नाही, दीपमालाला कळेना. विचारायची तिची जागा नव्हती.

मधेच चहा आला. तेव्हा अप्पांनी तिला जवळ बोलावलं, खिशातून चिमूटभर काहीतरी काढून तळहातावर ठेवलं आणि दाखवलं. तुरीचा एक अख्खा दाणा होता आणि खाली त्याच्या दोन डाळी.

"हा दाणा, अन् ह्या त्याच्या दोन फाका," ते म्हणाले. "गिरणी एवढंच करती, पोरी. बाकीचं सगळं बोलणं हाय."

तो तळहात तिच्या डोक्यात बसला. स्टुडिओत परतल्यावर तिनं कितीतरी कागद खराब केले. शेवटी उरलं ते फार साधं होतं. वर एक गोल दाणा, खाली आडव्या दोन डाळी, मधे थोडी जागा, आणि डाळींची बाहेरची टोकं किंचित वर उचललेली. एका दाण्याच्या दोन डाळी होतात ते त्यात होतं. उलटून बघितलं तर मातीतून वर येणारं दोन पानांचं रोपटं होतं. सरळ बघितलं तर काहीतरी हसल्यासारखं वाटत होतं. गर्द तांबड्या रंगावर डाळीचा पिवळा. खाली मोठ्या कन्नड अक्षरात नाव, त्याखाली मराठी आणि इंग्रजी. तिनं ते भिंतीला चिकटवलं, लांब जाऊन बघितलं आणि ती स्वतःशीच हसली. आपण का हसलो, हे तेव्हा तिला सांगता आलं नसतं.

मंजुरी सहज मिळाली नाही. शिवप्रसादला त्यात पृथ्वीचा गोल पाहिजे होता, कारण पुढंमागं निर्यात करायची होती. मिलच्या हिशेबनिसाला ज्वारीचं कणीस पाहिजे होतं, जरी मिलमध्ये ज्वारीचा दाणा येत नसे. कुणी समई सुचवली. दीपमालानं जमेल तेवढ्या नम्रपणे सगळं परतवलं. शेवटी धनराजनं हैदराबादहून फोनवर शब्द टाकला: "सुपर आहे. मिनिमल आहे. प्लेफुल आहे. हात लावू नका." मग कुणी हात लावला नाही.

लोगोच्या अनावरणासाठी बीदरमधलं मोठं मंगल कार्यालय घेतलं होतं. गांधीगंजच्या धान्यबाजारातले अडते, बँकेचे साहेब, भालकी-औरादचे दुकानदार, सोयरेधायरे, सगळे होते. दारात गुलाबपाणी शिंपडायला मुली उभ्या होत्या. भगवानराव नवा गुलाबी पटका बांधून आले होते. पडदा उघडायचं बटण त्यांनीच दाबायचं, असं शिवप्रसादनं ठरवलं होतं. वडिलांचा मान म्हणून. आपण नेमकं कशावरचा पडदा उघडतोय, याची त्यांना कल्पना दिली नसावी. दीपमाला मागच्या रांगेत बसली होती.

अप्पांनी बटण दाबलं. पडदा सरकला. स्टेजभर मोठा तांबडा फलक, त्यावर पिवळा दाणा आणि दोन डाळी. सभागृह गप्प झालं. लोक काही क्षण बघत राहिले, जसं न कळणाऱ्या गोष्टीकडं बघतात.

पहिल्या रांगेत भगवानरावांच्या पत्नी कमलबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला, मान वाकडी केली, आणि शेजारच्या बाईला सांगायचं म्हणून जे बोलल्या ते त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेलं.

"अगं, हे तर आमच्या ह्यांचं तोंड हाय."

आणि नेमके त्याच वेळी अप्पा फलकाकडं पाठ करून लोकांकडं वळले. वर तो गोल दाणा आणि दोन डाळी, खाली ते गोल नाक आणि मधे बोटभर जागा सोडलेली मिशी. आधी एक अडत्या हसला. मग एक रांग हसली. मग गुलाबपाणीवाल्या मुलींसकट सगळं कार्यालय हसायला लागलं. कमलबाईंनी तोंडाला पदर लावला होता, पण त्यांचे खांदे हलत होते.

दीपमालानं फलकाकडं बघितलं. आता तिला दाणा दिसेना, डाळ दिसेना, रोपटं तर नाहीच नाही. नाक आणि मिशी दिसत होती, आणि ती आता कायमची दिसणार हे तिला कळून चुकलं.

अप्पा हसले नाहीत. त्यांनी एकदा वळून वर बघितलं, पुन्हा लोकांकडं बघितलं, हात जोडले आणि पायऱ्या उतरून सरळ बाहेर गेले. लोकांना वाटलं, जेवायची व्यवस्था बघायला गेले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवानराव गांधीगंजमध्ये आले ते सपाट तोंडानं. मिशी नव्हती. या भागात जाणत्या माणसानं मिशी उतरवली की एकच अर्थ होतो. अडते गादीवरून उठले. कुणी चप्पल काढली, कुणी हळू आवाजात विचारलं, अप्पा, कोण गेलं?

"कोण न्हाई गेलं," अप्पा म्हणाले. "पोरानं पाकिटावरचा फोटो काढला, मिशी ठेवून घेतली. एकाच मिशीला दोन मालक कशाला, म्हनून मी माझी काढली."

हे वाक्य दुपारपर्यंत भालकीला पोचलं होतं आणि संध्याकाळी हुमनाबादला.

शिवप्रसादनं दीपमालाला कोळारला बोलावून घेतलं. कचेरीत धनराजही होता, रात्रीतून गाडी चालवत आलेला. शिवप्रसादचा चेहरा उतरला होता. घरात वडील बोलत नव्हते आणि आई बोलता बोलता हसायची, दोन्ही त्याला सहन होत नव्हतं. आमच्या घरच्या मोठ्या माणसाची भर सभेत चेष्टा झाली, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मुद्दाम केलं का, असंही त्यानं विचारलं. दीपमालानं दाण्याचं सांगितलं, तळहाताचं सांगितलं, रोपट्याचं सांगितलं, कागद उलटा करूनही दाखवला. शिवप्रसादनं उलट्या कागदाकडं बघितलं आणि म्हणाला, की आता अप्पा उलटे दिसायलेत.

धनराजनं आपल्याला पहिल्यापासून शंका होती, असं सांगितलं. शंका असतानाही त्यानं सुपर का म्हटलं, हे विचारायचं दीपमालाच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. नवं चिन्ह करून द्यायचं आणि तोवर आहे तो माल गुपचूप विकून टाकायचा, असं ठरलं. पाकिटं छापून झाली होती, गोदाम भरलं होतं.

त्या संध्याकाळी ती कमठाण्याला गेली. पार्वतीबाईंच्या कानावर सगळं आलंच होतं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, की चेष्टा कुणी केली हे लोक बघत नाहीत, कुणाची पोर होती ते बघतात. त्यांच्या मोठ्या माणसाची आपल्यातल्या पोरीनं टर उडवली, असं कुणाच्या तोंडून निघायला वेळ लागत नाही. नरसिंगनी सांगितलं, की दिवसभर गोदामावर सगळे हमाल त्याच गोष्टीवर हसत होते आणि त्यांनाही हसू आवरलं नाही. नंतर मात्र, आपण हसलो हे कुणी मनात ठेवलं असेल का, या विचारानं दुपारचा डबा गेला नाही.

"तू मुद्दाम केलीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, बाबा."

"मग भेतीस कामून?"

ती भीत होती ती शिवप्रसादला नव्हे. भिंतीवरचं ते चिन्ह बघताना आपण स्टुडिओत एकटंच का हसलो होतो, हे तिला आता उमगू लागलं होतं.

तिनं नवी चिन्हं करायला घेतली. पृथ्वीचा गोल घातला, कणीस घातलं, समईसुद्धा घातली. सगळी अगदी गंभीर दिसत होती. कुणी त्यांच्याकडं बघून हसलं नसतं आणि कुणी त्यांच्याकडं बघितलंही नसतं. ती पाठवायच्या आतच शिवप्रसादचा फोन आला, की थांबा.

झालं होतं असं. गुपचूप विकायला काढलेल्या पाकिटांवर मिशी होतीच. औरादच्या एका दुकानदारानं ती पाकिटं दाराशी लावली. मंगल कार्यालयातला किस्सा आणि गंजमधलं वाक्य दोन्ही त्याच्या गावात आधीच पोचलं होतं, त्यामुळं लोक पाकीट बघायला आले आणि बघून झाल्यावर घेऊन गेले. डालोरा हा शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही. बायका 'मिशीची डाळ' मागू लागल्या. एका सुनेनं पाकीट नवऱ्याच्या तोंडासमोर धरून फोटो काढला, तो इकडून तिकडं फिरला, आणि मग जो तो तसले फोटो काढायला लागला. हैदराबादच्या बेगम बाजारातल्या व्यापाऱ्याचा निरोप आला: वो मुच्छाँवाली दाल भेजो, दूसरी नको.

धनराजनं कळवलं, की याला ऑरगॅनिक प्रतिसाद म्हणतात आणि आपल्याला याची पहिल्यापासून खात्री होती.

पुढं काही दिवसांनी उद्योजकांच्या संघटनेनं शिवप्रसादचा सत्कार केला. दीपमालालाही बोलावलं होतं. शिवप्रसाद भाषण चांगलं करी. तो म्हणाला, की कंपनी आधुनिक करताना मुळं विसरायची नाहीत, हे त्यानं पहिल्याच दिवशी मॅडमना बजावलं होतं. फोटो तर कुणीही छापतो. अप्पांची आठवण मात्र चिन्हात अशी गुंफा, की बघणाऱ्याच्या मनात आपोआप यावी. दीपमाला ऐकत होती. बोलता बोलता शिवप्रसादचे डोळे भरून आले आणि ते अश्रू खोटे नव्हते. तो स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास ठेवू लागला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या.

ही 'आठवण' वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतही छापून आली. वर चिन्ह, खाली 'आमच्या संस्थापकांच्या पावन स्मृतीस जपत'. धनराजच्या माणसानं इंग्रजीवरून मराठी केलं होतं. ती जाहिरात बघून कमलबाईंचे उदगीरचे भाऊ गुंडेराव सकाळच्या गाडीनं रडत आले. दारातच त्यांना सपाट तोंडाचे भगवानराव भाकरी खाताना दिसले. मेहुण्याला जिवंत बघून त्यांना आनंद झाला, पण मिशी नाही म्हणजे कुणीतरी गेलंच असणार, असं वाटून ते पुन्हा रडू लागले. त्यांना समजावता समजावता कमलबाईंचा स्वयंपाक राहिला.

यानंतर धनराजनं पुढचं पाऊल टाकलं. कलबुर्गीला धान्य-उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. डालोराच्या गाळ्यात प्रत्यक्ष अप्पा बसले आणि लोकांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले, तर गर्दीला गाळा पुरणार नाही. अडचण मिशीची होती. ती वाढवायला वेळ होता, पण वाढल्यावर ती चिन्हाशी तंतोतंत जुळायला पाहिजे. म्हणून दीपमालाला एक मार्गदर्शक तक्ता करायला सांगण्यात आला: मधली जागा किती, जाडी किती, टोक किती वर. तो तिनंच घेऊन अप्पांकडं जावं, असंही ठरलं, कारण बापलेक अजून बोलत नव्हते.

दीपमाला गेली. घराच्या ओसरीवर अप्पा खुर्चीत बसले होते. मिशी गेल्यापासून त्यांचा वरचा ओठ उघडा आणि फिकट दिसत होता. त्यांच्याकडं सरळ बघायला तिला जड वाटलं. कमलबाईंनी चुरमुऱ्यांच्या सुशिल्याची बशी आणून दिली आणि स्वतःही तिथंच बसल्या. तक्ता पिशवीतून बाहेर कसा काढावा हे तिला कळेना. शेवटी तिनं तो तसाच पुढं केला.

अप्पांनी चष्मा लावून सगळा वाचला. वाचता वाचता त्यांचे गाल हलू लागले. त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच हसत होते, असं कमलबाई नंतर म्हणाल्या.

"माझ्याच मिशीचं माप मलाच धाडायलाय," ते म्हणाले. "नापास झालो तर काय करणार हाय म्हनं?"

मग त्यांनी तक्ता घडी करून बाजूला ठेवला आणि विचारलं, "खरं सांग पोरी. तुला म्हाईत होतं का?"

तिनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि थांबली. नरसिंगला ती न अडखळता नाही म्हणाली होती. इथं जमेना.

"काढताना न्हाई, अप्पा," ती म्हणाली. "पर त्या दिवशी बैठकीत सगळे पडद्याकडं बघायलते अन् मी तुमच्याकडं बघायलते. तुमच्याकडं कोण बघंना म्हनून. हातानं काय केलं ते हातालाच म्हाईत."

कमलबाईंनी तिच्या बशीत आणखी सुशिला वाढला.

थोड्या वेळानं अप्पाच बोलायला लागले. फोटो काढायचा तर काढ म्हणालो असतो, ते म्हणाले. पोरगा कमावतोय, त्याच्या मनासारखं होऊ दे. पण विचारलं नाही, आणि वर बटण दाबायला उभं केलं. लोक हसले याचा राग नव्हता. आपल्याला काढून टाकायला आपलाच हात वापरला, ते लागलं. मिशी उतरवली तेव्हा वाटलं होतं, पोरगा घाबरून पळत येईल. तो आला नाही. त्याऐवजी विक्री वाढली.

"मग मी चिन्ह बदलून देऊ का?" दीपमालानं विचारलं.

उत्तर कमलबाईंनी दिलं. "बदलू नको," त्या म्हणाल्या. "फोटोतले हे सदा रागात असायचे. ह्यात बरे दिसायलेत."

मिशी मात्र वाढवणार नाही, हे अप्पांनी सांगितलं आणि तो निरोप दीपमालानं पोचवला. शिवप्रसादनं मान खाली घालून ऐकलं. आपण स्वतः जाऊन बोलावं, असं त्याच्या मनात आलंही असेल, पण तेवढ्यात धनराजनं दुसरा मार्ग काढला.

प्रदर्शनाच्या दिवशी दीपमाला कलबुर्गीला गेली. डालोराचा गाळा लांबूनच दिसत होता. तांबडी कमान, तिच्यावर पिवळी मिशी, आणि कमानीखाली नक्षीच्या खुर्चीवर गुलाबी पटका बांधलेला एक गुबगुबीत माणूस. हा चन्नबसप्पा, शहाबादकडच्या नाटक मंडळीत काम करणारा. त्याला चिकटवलेली मिशी तक्त्यात दिल्याबरहुकूम होती. लोक रांग लावून त्याच्याजवळ उभे राहत, फोटो काढत आणि डाळीचं छोटं पाकीट घेऊन जात. शिवप्रसाद गाळ्याच्या मागच्या भागात व्यापाऱ्यांशी बोलत होता.

रांगेत तिला भगवानराव आणि कमलबाई दिसले. डोक्याला पटका नव्हता, साधी पांढरी टोपी होती. ती पुढं व्हायला लागली तशी अप्पांनी हातानं तिला राहू दे अशी खूण केली.

त्यांची पाळी आली. गाळ्यावरच्या मुलीनं हसून विचारलं, "आज्जा, अप्पांसोबत फोटो काढायचा ना?"

"काढा की," कमलबाई म्हणाल्या. त्यांना मनापासून मजा वाटत होती.

दोघं चन्नबसप्पाच्या दोन बाजूंना उभे राहिले. चन्नबसप्पा आपलं काम चोख करणारा माणूस होता. त्यानं कन्नडमिश्रित मराठीत विचारलं, गाव कोणतं, काय करता. डाळीचंच काम करतो, असं अप्पांनी सांगितलं. मग आमची डाळ एकदा शिजवून बघा, तो म्हणाला, तुमची विसरून जाल. हॉलमध्ये उकाडा होता, आणि बोलता बोलता त्याच्या मिशीची एक बाजू घामानं सुटून लोंबायला लागली. फोटो काढणारी मुलगी थांबली. चन्नबसप्पा गोंधळून चाचपडू लागला.

अप्पांनी त्याचा हात बाजूला केला, मिशी जागेवर ठेवली आणि अंगठ्यानं दाबून धरली.

"एवढी मधी सरकवू नका," ते म्हणाले. "बोटभर जागा ऱ्हाऊ द्या. श्वास घेता येतो."

नेमका तेव्हाच शिवप्रसाद व्यापाऱ्यांना घेऊन पुढं आला. त्यानं बघितलं ते हे: त्याचे वडील भाड्यानं आणलेल्या वडिलांची मिशी चिकटवत होते. व्यापारी काहीतरी विचारत होते, त्याला ऐकू येत नव्हतं. तो घाईनं आला आणि चन्नबसप्पाला उठायला सांगू लागला, खुर्ची अप्पांना द्या म्हणून. चन्नबसप्पा हे कोण अप्पा, अशा नजरेनं बघत अर्धवट उठला.

"बसू दे त्याला," भगवानराव म्हणाले. "त्याचं काम हाय. चांगलं करायलाय."

बापानं मुलाशी इतक्या दिवसांत बोललेलं हे पहिलंच. शिवप्रसादनं मागून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणल्या, स्वतःच्या रुमालानं पुसल्या आणि कमानीशेजारी मांडल्या. दोघं म्हातारी बसली. रांग पुन्हा सरकू लागली. जेवरगीकडचं एक कुटुंब आलं, लेकराबाळांसकट. त्यांनी चन्नबसप्पाभोवती दाटी केली, आणि फोन धरलेला माणूस अप्पांकडं बघून म्हणाला, "आज्जा, जरा तिकडं सरका. फोटोत यायलाव."

शिवप्रसाद पुढं झाला. त्याचं तोंड काहीतरी सांगायला उघडलं होतं. हेच खरे आहेत, हे तो कुणाला आणि कसं सांगणार होता?

अप्पांनी खुर्चीसकट स्वतःला बाजूला सरकवलं. फोटो झाला. कुटुंब पाकीट घेऊन पुढं गेलं.

"सकाळधरनं काही खाल्लास का?" अप्पांनी मुलाला विचारलं.

शिवप्रसादनं नकारार्थी मान हलवली. कमलबाईंनी पिशवीतून डबा काढून मांडीवर उघडला, आणि डालोरा फूड्सचा मालक कमानीखाली, गर्दीकडं पाठ करून, आईवडिलांसमोर जमिनीवर बसला.